अनाथालयातून उभे राहिलेले हायस्कूल : वांद्र्याच्या सेंट स्टॅनिस्लॉसविषयी वाचकांचे प्रश्न

उपनगरांतील जुन्या शाळांविषयी आलेल्या पत्रांमध्ये वांद्र्याच्या सेंट स्टॅनिस्लॉस हायस्कूलबद्दलची पत्रे या वेळी सर्वाधिक होती. त्यांतील प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे त्यांची उत्तरे एकत्रच देत आहोत.

प्रश्न : सेंट स्टॅनिस्लॉस हायस्कूलची स्थापना १८६३ ची असल्याचे वाचनात आले. त्या काळी वांद्रे हे मुंबईबाहेरचे खेडे होते. मग एवढी मोठी शाळा तिथे का काढली गेली, आणि कोणासाठी? (एक वाचक, बोरिवली)

आपण म्हणता तशी मोठी शाळा १८६३ मध्ये तिथे नव्हती. येशूसंघाच्या, म्हणजे जेझुइट, धर्मगुरूंनी त्या वर्षी वांद्र्यात सुरू केले ते देशी अनाथ मुलांसाठीचे अनाथालय होते, आणि त्या मुलांना शिकता यावे म्हणून त्याच्या जोडीने शाळा आली. इंग्रजी माध्यमाचे पूर्ण हायस्कूल व्हायला त्यानंतर साठ वर्षे जावी लागली; ते १९२३ मध्ये झाले. शाळेविषयी लिहिताना ही साठ वर्षे बहुधा एका वाक्यात उरकली जातात आणि मजकूर लगेच नामवंत माजी विद्यार्थ्यांकडे वळतो. माझ्या मते मात्र शाळेच्या इतिहासाचा गाभा या साठ वर्षांतच आहे, कारण फी देणारे पालक नसलेल्या मुलांसाठी जी संस्था निघाली, तिने पुढे फी देणाऱ्यांच्या मुलांनाही आपल्या वर्गांत बसवले. मुंबईतील बऱ्याच नामवंत शाळांचा प्रवास याच्या उलट दिशेने झालेला आहे.

आता वांद्रेच का, याविषयी. वांद्रे हे साष्टी बेटाचे दक्षिण टोक. गुजरातच्या बहादूरशहाशी १५३४ मध्ये झालेल्या तहानंतर वसई आणि तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला, आणि पुढील काही दशकांत साष्टीतील कोळी, कुणबी, भंडारी अशा अनेक घराण्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. वांद्र्याचे सेंट अँड्र्यूज चर्च जेझुइटांनी १५७५ मध्ये बांधले, आणि १६२० मध्ये सांता आना या नावाच्या कॉलेजची पायाभरणीही त्यांनीच वांद्र्यात केली. चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली १७३७ ते १७३९ या काळात झालेल्या मोहिमेत साष्टी आणि वसई मराठ्यांच्या ताब्यात आली. त्या धामधुमीत कॉलेजची भक्कम इमारत शत्रूच्या उपयोगी पडू नये म्हणून पाडण्यात आली. त्यानंतर पोर्तुगालच्या राजसत्तेने १७५९ मध्ये जेझुइटांना आपल्या सर्व मुलखांतून हद्दपार केले, आणि १७७३ मध्ये खुद्द पोपनी हा संघच विसर्जित केला. संघाची पुनःस्थापना १८१४ मध्ये झाली. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जेझुइट मुंबईत परतले, तेव्हा वांद्र्यात त्यांची स्वतःची वास्तू उरली नव्हती. परंतु मराठीच बोलणारा, मराठीतच लग्नाची गाणी म्हणणारा आणि चर्चभोवती टिकून राहिलेला कॅथलिक समाज मात्र तिथे होता. या समाजाने पुढे १८८७ मध्ये स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले.

दुसरे कारण रस्त्याचे आहे. वांद्र्याहून मुंबईला यायचे तर पूर्वी माहीमची खाडी नावेतून ओलांडावी लागे, आणि पावसाळ्यात हा प्रवास जिवावरचा असे. जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनी या खाडीवर पूल बांधण्यासाठी १,५७,००० रुपये दिले, आणि पुलावरून जाणाऱ्यांकडून कधीही कर घेऊ नये अशी अट घातली. त्यामुळे माहीमचा बांधरस्ता १८४५ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. पाठोपाठ १८६० च्या दशकात रेल्वे आली, आणि एप्रिल १८६७ पासून विरारहून मुंबईकडे रोजची गाडी धावू लागली. एका पारशी स्त्रीच्या दानाने खुला झालेला हा रस्ता नसता, तर मुंबईतील संस्थांना वांद्र्यात मुले ठेवण्याचा विचार करणेही अवघड गेले असते. स्थानिक इतिहास लिहिणारे चर्च, शाळा आणि पूल यांची प्रकरणे वेगवेगळी पाडतात. ती एकत्र वाचली पाहिजेत असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

तिसरे कारण काळाचे. १८६३ हे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईत आलेल्या कापसाच्या तेजीचे वर्ष होते. शहरात पैसा वाहत होता, जमिनीचे भाव चढत होते, पोटासाठी येणाऱ्यांची रीघ लागली होती, आणि दाट वस्तीत पटकीसारखे रोग वारंवार उसळत होते. अशा शहरात पोरकी मुले वाढणार आणि त्यांच्यासाठी शहरात जागा मिळणे कठीण होणार, हे उघड होते. वांद्र्यात मोकळी जमीन होती, समुद्राची हवा होती आणि धर्मबांधवांचा शेजार होता. तेजी १८६५ मध्ये कोसळली. परंतु पोरक्या मुलांचा प्रश्न त्याबरोबर संपणारा नव्हता. पुढे १८७६ ते १८७८ चा दुष्काळ, १८९६ पासूनचा प्लेग आणि १८९९-१९०० चा ‘छप्पनचा’ (विक्रम संवत १९५६ चा) दुष्काळ यांनी पश्चिम भारतातील सर्वच मिशन-अनाथालयांवर मोठा भार टाकला. प्लेगच्या काळात उभारलेले क्रूस वांद्र्याच्या गल्ल्यांमधून आजही दिसतात, आणि त्या वर्षांची आठवण गावात किती खोल रुजली आहे हे त्यांवरून कळते.

अशा अनाथालयांत मुलांना अक्षरओळख, हिशेब आणि धर्मशिक्षण यांबरोबर एखादा हातचा धंदा शिकविण्याची पद्धत त्या काळी सर्वत्र होती. सुतारकी, शिवणकाम, छपाईची जुळणी ही त्यांतील नेहमीची कामे. अठराव्या वर्षी मुलगा बाहेर पडेल तेव्हा त्याला पोट भरता आले पाहिजे, असा तो सरळ विचार होता. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाल्यावर मॅट्रिक हे नोकरीचे प्रवेशद्वार बनले, आणि मग गावातील पालकही आपल्या मुलांसाठी इंग्रजी शिक्षण मागू लागले. वांद्र्यात शाळेची वाढ या मागणीने झाली, आणि अनाथालयाची शाळा हळूहळू गावाची, नंतर उपनगराची शाळा झाली.

प्रश्न : शाळेला ज्यांचे नाव दिले आहे ते संत स्टॅनिस्लॉस कोण? (एक विद्यार्थिनी, दादर)

स्टॅनिस्लॉस कोस्त्का हे पोलंडमधील एका उमराव घराण्यातील मुलगा. जन्म १५५० चा. व्हिएन्ना येथे जेझुइटांच्या शाळेत शिकत असताना त्यांनी संघात जाण्याचे ठरविले. परंतु वडिलांचा तीव्र विरोध असल्यामुळे व्हिएन्नातील धर्मगुरू त्यांना घेण्यास धजेनात. तेव्हा त्यांनी वेष बदलून शहर सोडले आणि पायी जर्मनीतील डिलिंगेन गाठले, आणि तेथून ते रोमला गेले. संघाने त्यांना स्वीकारले. मात्र वर्ष पूर्ण होण्याच्या आतच, १५ ऑगस्ट १५६८ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षात त्यांचे निधन झाले. त्यांना १७२६ मध्ये संतपद देण्यात आले. विद्यार्थ्यांचे आणि तरुणांचे आश्रयदाते संत म्हणून त्यांचा मान आहे. ‘याहून थोर गोष्टींसाठी माझा जन्म आहे’ या अर्थाचे वचन त्यांच्या नावावर सांगितले जाते. ज्या मुलांच्या घराण्याचा कोणालाच पत्ता नव्हता, त्यांच्या वसतिगृहाला हे नाव देणाऱ्यांनी पूर्ण विचार केला असावा.

प्रश्न : वांद्र्यात हाकेच्या अंतरावर सेंट अँड्र्यूज आणि सेंट स्टॅनिस्लॉस अशा मुलांच्या दोन जुन्या कॅथलिक शाळा कशा? शिवाय इंग्रजांच्या राज्यात या शाळेत आधी जर्मन आणि मग स्पॅनिश धर्मगुरू होते, असे माझे वडील सांगत. हे खरे आहे का? (एक निवृत्त शिक्षक, सांताक्रूझ)

आपल्या वडिलांची माहिती खरी आहे, आणि आपल्या दोन्ही प्रश्नांची मुळे एकाच जागी आहेत.

पोर्तुगालच्या राजाला आपल्या ताब्यातील पूर्वेकडच्या प्रदेशात चर्चचा कारभार पाहण्याचा हक्क पोपनी दिला होता. त्याला पाद्रोआदो म्हणत. पुढे पोर्तुगीज सत्ता आकसली, मुंबई इंग्रजांकडे गेली, आणि रोमने आपल्या ‘प्रोपागांदा’ या खात्यामार्फत स्वतंत्र धर्माधिकारी नेमले. गोव्याच्या आर्चबिशपांना हे मान्य नव्हते. परिणाम असा झाला की मुंबई आणि साष्टी या भागांत कॅथलिकांच्या दोन धर्मसत्ता शेजारी शेजारी नांदू लागल्या आणि त्यांच्यात अनेक दशके कडवा वाद चालला. वांद्र्यात सेंट अँड्र्यूज हे पाद्रोआदोकडील जुने चर्च. त्याच्या धर्मग्रामाची (पॅरिशची) शाळा १७८० मधील, म्हणजे मुंबई परिसरातील अगदी जुन्या शाळांपैकी एक. जेझुइटांचे सेंट पीटर्स चर्च आणि त्याला लागून असलेली स्टॅनिस्लॉसची संस्था ही प्रोपागांदाकडील. एकाच रस्त्यावर, एकाच समाजाच्या मुलांसाठी, दोन वेगळ्या बिशपांच्या छत्राखालील दोन शाळा उभ्या राहिल्या त्या यामुळे. साष्टीतील पाद्रोआदोची चर्चे १८८६ मध्ये स्थापन झालेल्या दमणच्या धर्मप्रांतात घातली गेली होती. १९२८ मध्ये तो धर्मप्रांत विसर्जित होऊन ती मुंबईच्या आर्चबिशपांकडे आली आणि दुहेरी कारभार संपला. वादाचे कारण गेले, शाळा मात्र दोन्ही राहिल्या. त्या वादाने चर्चमध्ये पुष्कळ कटुता निर्माण केली हे खरे, पण वांद्र्याच्या मुलांना त्यातून एकाऐवजी दोन शाळा मिळाल्या, हेही नोंदविले पाहिजे.

जर्मन धर्मगुरूंविषयी सांगायचे तर, मुंबईचे मिशन १८५० च्या दशकात जेझुइटांच्या जर्मन शाखेकडे सोपविण्यात आले. १८६३ मध्ये मुंबईचे धर्माधिकारी असलेले वॉल्टर स्टाइन्स हे डच जेझुइट होते, आणि पुढे १८६९ मध्ये सेंट झेवियर्स कॉलेज काढणारेही याच मिशनचे धर्मगुरू. इंग्रज सरकारला याचे वावडे नव्हते, कारण १८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी संस्थांना अनुदान देण्याचे धोरण स्वीकारले होते आणि शिकवण्याचे काम करणाऱ्याचे राष्ट्रीयत्व त्या वेळी अडसर ठरत नव्हते.

ऑगस्ट १९१४ मध्ये हे सारे उलटले. जर्मनीशी युद्ध सुरू होताच वर्षानुवर्षे वर्गात शिकवणारे धर्मगुरू शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांच्यापैकी काहींना अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध करण्यात आले, आणि १९१५-१६ मध्ये ‘गोलकोंडा’ या जहाजाने त्यांची मायदेशी रवानगी झाली. मुंबईतील जेझुइट शाळा-कॉलेजांना हा जबर धक्का होता. अनुभवी मनुष्यबळ जवळजवळ एकदमच गेले. युद्धानंतर ही जबाबदारी स्पेनमधील, मुख्यतः आरागॉन प्रांतातील, जेझुइटांकडे आली. इतिहास-संशोधक फादर हेन्री हेरास १९२२ मध्ये मुंबईत आले ते याच लाटेत. सेंट स्टॅनिस्लॉस १९२३ मध्ये हायस्कूल झाले ती ही वेळ होती. एक पिढी उचलून नेली गेली असताना नव्याने आलेल्या, इंग्रजी ही स्वतःची भाषा नसलेल्या माणसांच्या काळात शाळेने ही पायरी चढावी, हे मला तिच्या इतिहासातील सर्वांत कौतुकास्पद वाटते. त्या कामात भारतीय शिक्षकांचा वाटा मोठा असणारच. जर्मन गेले आणि स्पॅनिश यायचे होते, त्या मधल्या वर्षांत वर्ग भरत राहिले ते अशा शिक्षकांमुळे. कारभाराचे भारतीयीकरण त्यानंतर सावकाश होत गेले. व्हॅलेरियन ग्रेशियस १९५० मध्ये मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले आणि १९५३ मध्ये भारताचे पहिले कार्डिनल.

प्रश्न : कॅथलिक शाळेत इतर धर्मांच्या मुलांना प्रवेश देणे शाळेच्या मर्जीवर असते का? धर्मशिक्षण सक्तीचे असते का? मराठीला तिथे काय स्थान आहे? (एक पालक, अंधेरी)

येथे एका शाळेऐवजी सर्वच अल्पसंख्याक शाळांचा नियम सांगणे योग्य होईल.

संविधानाच्या अनुच्छेद ३० नुसार धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालविण्याचा हक्क आहे. परंतु संस्था सरकारी अनुदान घेत असेल, तर अनुच्छेद २९(२) प्रमाणे केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणावरून कोणालाही प्रवेश नाकारता येत नाही. धर्मशिक्षणाविषयी अनुच्छेद २८(३) स्पष्ट आहे : मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत अल्पवयीन मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसविता येत नाही. म्हणूनच मुंबईच्या कॅथलिक शाळांत कॅथलिक मुलांचा कॅटेकिझमचा (धर्मशिक्षणाचा) तास असतो, तेव्हा इतर मुलांसाठी मॉरल सायन्सचा (नीतिशिक्षणाचा) तास ठेवण्याची प्रथा पडली.

प्रवेशाच्या हक्काची एक मोठी लढाई मुंबई राज्यातच झाली आहे, आणि ती आज फारशी कोणाला आठवत नाही. ६ जानेवारी १९५४ रोजी मुंबई सरकारने असा आदेश काढला की, इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत अँग्लो-इंडियन किंवा आशियाई वंशाचे नसलेले नागरिक यांच्याखेरीज कोणत्याही मुलाला प्रवेश देऊ नये. म्हणजे गोवन, ईस्ट इंडियन, पारशी, मराठी, गुजराती सर्वच मुलांना ही दारे बंद. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलच्या चालक संस्थेने हा आदेश न्यायालयात नेला. तिच्याबरोबर एक भारतीय ख्रिस्ती लष्करी अधिकारी आणि एक गुजराती हिंदू डॉक्टर असे दोन पालकही उभे राहिले, कारण या आदेशामुळे त्यांच्या मुलांना प्रवेश नाकारला गेला होता. उच्च न्यायालयापाठोपाठ सर्वोच्च न्यायालयाने २६ मे १९५४ रोजी हा आदेश रद्द ठरविला. बार्न्स ही कॅथलिक शाळा नव्हे. परंतु निकालाचा लाभ उपनगरांतील कॅथलिक शाळांना पुरेपूर झाला, आणि त्यांच्या वर्गांतील आजची सर्वधर्मीय हजेरी याच निकालामुळे शक्य झाली.

शिक्षणहक्क कायद्याखालील २५ टक्के राखीव प्रवेशांबाबत विचारले जाते, म्हणून थोडक्यात : सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने २०१४ मध्ये प्रमती प्रकरणात हा कायदा अल्पसंख्याक शाळांना, मग त्या अनुदानित असोत वा विनाअनुदानित, लागू नाही असे ठरविले. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन न्यायाधीशांच्या पीठाने या निकालाचा फेरविचार व्हावा असे मत देऊन तो प्रश्न सरन्यायाधीशांकडे पाठविला आहे. कायद्याची सक्ती असो वा नसो, गरिबांच्या मुलांना वर्गात जागा ठेवणे हे अशा शाळांच्या मूळ हेतूतच आहे, आणि पालकांनी शाळेला त्याची आठवण करून देण्यात काहीही वावगे नाही.

मराठीविषयी : राज्य मंडळाच्या इंग्रजी शाळांत मराठी हा विषय पूर्वीपासून आहेच, आणि २०२० च्या कायद्याने तो राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत सक्तीचा झाला.

प्रश्न : शाळेचे नाव निघाले की चित्रपट अभिनेत्यांचाच उल्लेख होतो. शाळेची खरी कामगिरी कोणती समजावी? (निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षक, ठाणे)

अभिनेते सलमान खान या शाळेत शिकले हे खरे आहे, आणि त्यांच्यामुळे शाळेचे नाव देशभर माहीत झाले यात गैर काही नाही. परंतु शाळेने जे स्वतः घडविले, पिढ्यानपिढ्या, मैदानावर उभे राहून घडविले, ते हॉकीत.

मुंबईच्या हॉकीचा इतिहास कॅथलिक वस्त्यांपासून वेगळा काढता येत नाही. आगा खान स्पर्धा मुंबईत १८९६ पासून खेळली जाऊ लागली, आणि रेल्वे, कस्टम्स, पोलीस, बंदर अशा खात्यांच्या संघांत गोवन, ईस्ट इंडियन आणि अँग्लो-इंडियन मुलांना खेळाच्या बळावर नोकऱ्या मिळू लागल्या. मुलगा चांगला हॉकी खेळला तर त्याचे बूड स्थिर होईल, ही आशा वांद्रे, माहीम, माझगाव येथील घरांना होती. स्वतंत्र भारताने लंडनला १९४८ मध्ये जिंकलेल्या पहिल्या ऑलिंपिक सुवर्णपदकाच्या संघात लिओ पिंटो, वॉल्टर डिसोझा, मॅक्सी वाझ असे मुंबईचे खेळाडू होते. हे तिघे याच शाळेचे, असे मी म्हणत नाही. ज्या वातावरणात या शाळेतील मुले वाढत होती, ते कसे होते एवढेच यावरून ध्यानात यावे.

त्या वातावरणाला शाळेने दोन गोष्टी पुरविल्या : आवारातले मैदान आणि ठरलेली वेळ. जेझुइट शिक्षणपद्धतीत खेळाला अभ्यासाच्या बरोबरीचे स्थान असते, आणि वसतिगृहातली मुले आवारातच राहत असल्यामुळे संध्याकाळी मैदान रिकामे पडण्याचा प्रश्नच नसे. आपण स्वतः शारीरिक शिक्षण शिकविले आहे, त्यामुळे आपल्याला ठाऊकच असेल की मैदान शाळेपासून दोन किलोमीटर दूर असले, की निम्मी मुले तिसऱ्या दिवसापासून येत नाहीत.

विरेन रास्किन्हा हे या परंपरेचे अलीकडचे ठळक उदाहरण. याच शाळेतून ते भारतीय संघापर्यंत पोहोचले, २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळले, देशाचे कर्णधार झाले आणि २००५ च्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले. त्यांच्या कामाचा पुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो : निवृत्तीनंतर त्यांनी प्रकाश पदुकोण आणि गीत सेठी यांनी स्थापन केलेल्या ‘ऑलिंपिक गोल्ड क्वेस्ट’ या संस्थेचे नेतृत्व केले आणि इतर खेळांतील मुलामुलींना प्रशिक्षण, वैद्यकीय मदत आणि साधने मिळवून देण्याच्या कामाला वाहून घेतले.

या परंपरेला ओहोटी का लागली, हेही सांगितले पाहिजे. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम हिरवळीवर खेळली जाऊ लागली, आणि मातीच्या मैदानावरचे कौशल्य एका रात्रीत कमी मोलाचे ठरले. भारत त्या स्पर्धेत सातवा आला. मुंबईत अशी हिरवळ मोजक्या ठिकाणीच आहे, तिची निगा खर्चिक आहे, आणि साध्या शाळांतील मुलांना तिथे सरावाचे तास मिळणे कठीण असते. त्यातच क्रिकेटने मैदाने व्यापली, आणि नोकरी देणाऱ्या खात्यांचे संघ आक्रसले. तरीही ज्या शाळा आजही दरवर्षी हॉकीचा संघ उतरवतात, त्यांचे श्रम पदकांच्या यादीवरून मोजू नयेत असे मला वाटते.

दहावीच्या निकालाबद्दल मी मुद्दामच लिहिलेले नाही. राज्य मंडळाची गुणवत्ता यादी बंद झाली आहे, आणि शंभर टक्के निकाल हा आता शेकडो शाळांचा लागतो. त्यावरून एका शाळेचे वेगळेपण सांगता येत नाही.

प्रश्न : आमच्या धर्मग्रामाची मराठी माध्यमाची शाळा अमृतमहोत्सवाकडे चालली आहे. स्मरणिकेसाठी शाळेचा इतिहास लिहायचा आहे. साधने कोणती वापरावीत? (एक शिक्षिका, वसई)

आपल्या भागातील शाळांचे महत्त्व वांद्र्याच्या शाळांपेक्षा तसूभरही कमी नाही. वसईच्या अनेक धर्मग्रामांनी मराठीतून शाळा चालविल्या आणि शेतकरी, बागायतदार, कोळी कुटुंबांतील पहिली शिकलेली पिढी त्यांतून तयार झाली.

सुरुवात शाळेच्या कपाटातून करावी. जनरल रजिस्टर हे सर्वांत मौल्यवान साधन; त्यात प्रत्येक मुलाचे गाव, जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाचा दिनांक, शाळा सोडल्याचा दिनांक आणि सोडण्याचे कारण असते. त्याच्या जोडीला शिक्षणाधिकाऱ्यांच्या तपासणीचे शेरेबुक, जुनी हजेरीपत्रके, शिक्षकांच्या सभांचे इतिवृत्त आणि कॅशबुक पाहावे. कॅशबुकात इमारतीसाठी कोणी किती दिले ते सापडते, आणि अशा नोंदींत श्रमदानाचे दिवसही अनेकदा लिहिलेले असतात. वसईचा धर्मप्रांत मे १९९८ मध्ये वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीचा पत्रव्यवहार मुंबईच्या आर्चबिशपांच्या कार्यालयाकडे असण्याचा संभव आहे. तेथे रीतसर अर्ज करावा. १८५० पासून निघणाऱ्या ‘द एक्झामिनर’ या साप्ताहिकाच्या आणि वसईच्या ‘सुवार्ता’ मासिकाच्या जुन्या फायलींत कोनशिला समारंभांचे, स्नेहसंमेलनांचे वृत्तांत पाहावेत. सरकारी मान्यता आणि अनुदानाचे कागद एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात शोधावेत, आणि गावाच्या पूर्वपीठिकेसाठी मुंबई गॅझेटियरचे १८८२ मधील ठाणे जिल्ह्याचे खंड उघडावेत.

स्मरणिकेत मुख्याध्यापकांची छायाचित्रे असतीलच. त्यापेक्षा जनरल रजिस्टरमधील ‘शाळा सोडल्याचे कारण’ या रकान्यावर एक स्वतंत्र प्रकरण लिहावे, अशी माझी विनंती आहे. कोणत्या दशकात मुली सातवीनंतर थांबल्या, त्या दहावीपर्यंत कधी पोहोचू लागल्या, कोणत्या पाड्यावरची मुले कधी प्रथम पटावर आली आणि शेतीच्या हंगामात कितीजण गळाली, हे तेथून दशकवार काढता येते; नावे छापण्याची गरज नाही, आकडे पुरेत. आणि हे काम हाती घेण्याआधी शाळेच्या पहिल्या दोन-तीन तुकड्यांतील जी माणसे हयात आहेत, त्यांच्या, विशेषतः ज्यांना दहावीपूर्वी शाळा सोडावी लागली त्यांच्या, मुलाखती ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात. रजिस्टर पुढच्या वर्षीही कपाटात असेल.